बोर्डावरचा फोटो

ग्रुप : आपली सोसायटी, शनिवार पेठ (फक्त सूचनांसाठी)
शनिवार, २९ मार्च २०२५

पानसे ३०२ (स. ७.१२) : नोटीस बोर्डावर गिरीश बापटांचा हार घातलेला फोटो कोणाला विचारून लावला? आज पुण्यतिथी आहे हे माहीत आहे. पण गेल्या वर्षी माझ्या भावाच्या दशक्रियेची नोटीस 'वैयक्तिक' म्हणून दोन तासांत उतरवली होती. फक्त आठवण करून देतोय.

कुंटे १०१ : पाण्याची टाकी कधी साफ होणार? उद्या पाडवा आहे.

गोखले (सेक्रेटरी) : सुप्रभात. फोटो मी लावला. हार माझ्या खिशातून, १२० रुपये, सोसायटीच्या खात्यातून नव्हे. जो माणूस २५ वर्षं कसब्यातून आपला भाजपचा आमदार होता त्याला एक दिवस बोर्ड दिला तर काय बिघडलं?

दीक्षित वकील २०१ : २४. १९९५ ते २०१९, पाच टर्म. नंतर खासदार.

गोखले (सेक्रेटरी) : बरं, २४.

पानसे ३०२ : आणि १९९१ च्या पोटनिवडणुकीत वसंत थोरातांनी पाडलं होतं, १९९६ ला लोकसभेला कलमाडींनी. ते बोर्डावर लिहिणार का?

गोखले (सेक्रेटरी) : लिहू की. आणीबाणीत नाशिकच्या तुरुंगात होते तेही लिहू. टेल्कोत कामगार होते, तिथून नगरसेवक, मग आमदार. तुमच्यासारखे ग्रुपवर नाही वाढले.

मिसेस आपटे ४०३ : सकाळी सकाळी नको ना. 🙏 कुणाकडे कडुनिंबाचा पाला आहे का जास्तीचा?

ओंकार ४०१ : माझा प्रश्न साधा आहे. आपली बिल्डिंग शनिवारवाड्याच्या शंभर मीटरात येते, म्हणून रीडेव्हलपमेंट नाही. जिन्याचं प्लास्टर माझ्या गाडीवर पडतं. चोवीस वर्षांत याचं काय झालं?

गोखले (सेक्रेटरी) : तो केंद्राचा कायदा आहे. आमदार काय करणार?

ओंकार ४०१ : म्हणून तर २०१९ ला दिल्लीला पाठवलं ना!

दीक्षित वकील २०१ : थोडं सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या पुन्हा हेच. संरक्षित स्मारकांचा मूळ कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीने शंभर मीटरात नवीन बांधकामाला पूर्ण बंदी आली, पुढच्या दोनशे मीटरात परवानगी घेऊन. जानेवारी २०१८ ला लोकसभेत एक दुरुस्ती मंजूर झाली, ती राज्यसभेत अडकली. पण ती केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांसाठी होती. पास झाली असती तरी तुमच्या जिन्याला उपयोग नव्हता. दुरुस्ती करता येते, परवानगी घेऊन. तो अर्ज कमिटीने अजून केलेला नाही.

ओंकार ४०१ : 👀

गोखले (सेक्रेटरी) : अर्जाचं मीटिंगमध्ये बोलू.

कुंटे १०१ : टाकी कधी साफ होणार?

सुहास २०४ (न्यू जर्सी) : इथून बघताना वाईट वाटतं. विचारसरणी म्हणून काहीतरी असतं. संघाचा माणूस आणि २००७ ला महापालिकेत राष्ट्रवादीशी हातमिळवणी? 'पुणे पॅटर्न' विसरलात? असली सर्वपक्षीय मैत्री मला कधीच पटली नाही.

पानसे ३०२ : सुहास, उंटावरून शेळ्या हाकू नका. तुमच्या भाडेकरूने तीन महिने मेंटेनन्स दिलेला नाही.

सुहास २०४ (न्यू जर्सी) : तो वेगळा विषय आहे.

पानसे ३०२ : तोच विषय आहे.

जोगळेकर आजोबा १०३ : सुहास, त्या मैत्रीमुळेच तो पाचदा निवडून आला रे. कसब्यात नुसती पेठेची मतं नाहीत. तालमी आहेत, मंडळं आहेत, पूर्व भागातल्या वस्त्या आहेत. तिथल्या लग्नाला, बाराव्याला हा माणूस जायचा. आमच्या हिच्या वेळी आला तेव्हा खुर्ची नव्हती म्हणून जिन्यावर बसला. मी समाजवादी, हे त्याला माहीत होतं. मत मी त्याला एकदाही दिलं नाही. त्याचं धोरण मला पटत नव्हतं, गोहत्याबंदीचा विस्तारही नाही. पण जिन्यावर बसला होता.

मिसेस आपटे ४०३ : 🙏🙏

पानसे ३०२ : आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण जिन्यावर बसल्याने डाळ स्वस्त होत नाही. २०१५ ला तूरडाळ दोनशेवर गेली तेव्हा अन्नपुरवठा खातं कोणाकडे होतं?

गोखले (सेक्रेटरी) : देशभर भाव चढले होते. साठ्यांवर मर्यादा आणली, छापे पडले.

पानसे ३०२ : दिवाळीच्या तोंडावर. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप.

मिसेस आपटे ४०३ : मी तेव्हा मूगडाळीचं वरण करायचे, मुलं ताट सरकवायची. 😀

कुंटे १०१ : टाकी कधी साफ होणार? तिसऱ्यांदा विचारतोय.

ओंकार ४०१ : मला तर २०२३ ची कसब्याची पोटनिवडणूक आठवते. केसरीवाड्यात बापटांना व्हीलचेअरवर आणलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, बोटाला ऑक्सिमीटर. आई म्हणाली, अरे घरी राहू द्या त्यांना.

गोखले (सेक्रेटरी) : स्वतः आले होते. शेवटपर्यंत कार्यकर्ता.

ओंकार ४०१ : असतील. पण त्याआधी बापटांनंतरच्या आमदार मुक्ताताई टिळक राज्यसभेच्या मतदानाला ॲम्ब्युलन्समधून मुंबईला गेल्या होत्या. त्या गेल्यावर भाजपने तिकीट टिळकांच्या घरात दिलं नाही. उमेदवार जवळपास अकरा हजारांनी पडले. अठ्ठावीस वर्षांची जागा. निकाल २ मार्चला, बापट गेले २९ ला.

पानसे ३०२ : आणि गेल्यावर? लोकसभेची पोटनिवडणूकच नाही. हायकोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. पुण्याला वर्षभराहून जास्त खासदार नव्हता. आदरांजली वाहणाऱ्यांपैकी कोणाला तेव्हा घाई होती?

गोखले (सेक्रेटरी) : मग कसब्याची पोटनिवडणूक जिंकलेल्या धंगेकरांचा फोटो लावा तुम्ही.

दीक्षित वकील २०१ : ते हयात आहेत, गोखले. हार घालू नका.

ओंकार ४०१ : 😂 शिवसेना, मनसे, काँग्रेस, आता शिंदेंची शिवसेना. फ्रेम कुठल्या रंगाची घ्यायची ते आधी ठरवा.

जोगळेकर आजोबा १०३ : २००९ ला हेच धंगेकर मनसेकडून बापटांना चांगलेच घाम फोडून गेले होते. आता भाजपबरोबर एकाच महायुतीत. मी आता पेपर मागून वाचायला लागलो आहे, कोडं आणि हवामान.

सुहास २०४ (न्यू जर्सी) : म्हणजे मी म्हणत होतो तेच. विचारसरणी राहिली नाही.

पानसे ३०२ : मेंटेनन्स.

मिसेस आपटे ४०३ : पाला मिळाला. १०३ मधून. धन्यवाद आजोबा.

गोखले (सेक्रेटरी) : सर्वांच्या भावनांचा आदर करून फोटो संध्याकाळी सहाला उतरवतो. पानसे, तुमच्या भावाच्या वेळी मी बाहेरगावी होतो. ती नोटीस मी काढली नव्हती. पण काढायला नको होती.

पानसे ३०२ : ठीक आहे. असू दे सहापर्यंत.

कुंटे १०१ : टाकीवाला खाली उभा आहे. पंपाच्या खोलीची चावी नेहमीच्या खिळ्याला नाही.

गोखले (सेक्रेटरी) : बोर्डाच्या खिळ्याला आहे.

कुंटे १०१ : त्या खिळ्याला फोटो आहे.

गोखले (सेक्रेटरी) : फोटोच्या मागे बघा. आलोच, हाराला हात लावू नका.