पीस नदीत (फ्लोरिडा) शार्कचे दात: चाळण, जागा, परवाना

वाळूचाळ्या
जानेवारीत टांपाला मुक्काम आहे, सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुलं. एक दिवस पीस नदीत शार्कचे जीवाश्म दात शोधायला ठेवलाय. झोल्फो स्प्रिंग्ज की आर्केडिया? चाळणीला जाळी किती इंची? परवाना लागतो का? व्हिडिओंत सगळे नुसतं फावडं मारताना दिसतात, पण नक्की कुठे मारायचं ते कोणीच सांगत नाही.

खडीपारखी
चाळण सगळे आणतात, सळई कोणी आणत नाही, आणि मग दिवसभर वाळू चाळत बसतात. दात वाळूत नसतात, वाळूखालच्या खडीच्या थरात असतात. अर्धा इंच जाडीची, चार-पाच फूट लांब लोखंडी सळई घ्या, वर आडवी मूठ. नदीपात्रात दर दोन पावलांवर खुपसत चला. वाळूत ती गुपचूप सरकते. चिकणमातीत रुतते आणि ओढताना चिकटते. खडी लागली की हाताला करकर जाणवते. तिथेच थांबायचं. करकर निदान चार-सहा इंच खोल टिकली पाहिजे. वरवरची पातळ खडी बहुधा रिकामी निघते.

वरची वाळू फूट-दीड फूट काढावी लागते. ती प्रवाहाच्या खालच्या बाजूला टाका. वरच्या बाजूला टाकली तर पाणी तीच वाळू परत खड्ड्यात आणतं. फावडं टोकदार हवं आणि पात्याला चार-पाच भोकं पाडलेली, म्हणजे उचलताना पाणी गळून जातं आणि पाठ वाचते. बऱ्याच ठिकाणी खडीखाली राखाडी किंवा हिरवट चिकणमाती लागते. जड वस्तू अगदी त्या मातीच्या अंगावर येऊन बसलेल्या असतात, त्यामुळे शेवटचे दोन इंच खरवडून घ्या. घाईत लोक नेमके तेच सोडतात.

जाळी पाव इंची, जस्त चढवलेली, लाकडी चौकटीवर ठोकलेली. चौकट साधारण दीड बाय दोन फूट. याहून मोठी भरली की मुलांना उचलवत नाही. अर्धा इंचीतून लेमन शार्क, बुल शार्क यांचे बरेच दात निसटतात. खिडकीची मच्छरजाळी लावू नका, ती वाळूनेच तुंबते. चौकटीच्या बाजूंना पोहण्याच्या तलावातल्या फोमच्या नळ्या बांधल्या की चाळण तरंगते. चाळणारा खणणाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहावा, गढूळ पाणी त्याच्याकडून पुढे निघून जातं.

चाळणीत काळे, तुकतुकीत, गुळगुळीत फॉस्फेटचे खडे दिसले तर जागा बरोबर आहे. नुसती पांढरी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा असेल तर दहा-बारा चाळण्यांनंतर हलायचं. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पाणीपट्टी
जागेपेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची. पावसाळा साधारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. झोल्फो स्प्रिंग्ज आणि आर्केडिया, दोन्हीकडे यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची) पातळीमापकं आहेत, आकडे ऑनलाइन दिसतात. आदल्या आठवड्याचा आलेख उतरता हवा. वर दूर कुठे पाऊस पडला तरी नदी एक-दोन दिवसांनी चढते, स्थानिक आभाळ बघून फसू नका. मुलांसोबत पाणी त्यांच्या कंबरेच्या वर नको.

तुमच्यासाठी झोल्फो स्प्रिंग्जचं पायोनियर पार्क बरं: नदी अरुंद, उथळ, आणि टांपाहून गाडीने साधारण दीड तास. आर्केडियाकडे पात्र रुंद होतं, तिथे कॅनो घेऊन उतरणं सोयीचं. मगरी (अ‍ॅलिगेटर) दोन्हीकडे आहेत. पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात नसावं, आणि कुत्रा अजिबात नेऊ नये.

नियमावली
फ्लोरिडाच्या कायद्यात जीवाश्म शार्कदातांना परवान्यातून सूट आहे. पण त्याच चाळणीत ड्यूगाँगच्या (समुद्रगायीच्या) बरगड्या, घोड्याचे दात, मॅमथच्या दाताचे तुकडे, कासवाच्या पाठीचे तुकडे येतातच. पात्राचा तळ सरकारी असल्यामुळे कणा असलेल्या प्राण्यांचं बाकी सगळं ठेवायला परवाना हवा. तो गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीकडून मिळतो, फी वर्षाला 5 डॉलर, आणि काय सापडलं याची माहिती त्यांना कळवावी लागते. पाच डॉलरसाठी जीव खाऊ नका, आधीच अर्ज करा.

दगडी बाणाची टोकं, मडक्यांचे तुकडे दिसले तर हात लावू नका, ते पुरातत्त्वात येतं. काठ पोखरणं तर नकोच: एक तर काठ अनेक ठिकाणी खाजगी आहेत, दुसरं म्हणजे ती ओली वाळू अंगावर कोसळते.

वाळूचाळ्या
धन्यवाद मंडळी. अजून तीन: मेगालोडॉनचा (नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा) दात ओळखायचा कसा? काळा दात जास्त जुना का? आणि कोकणात असं काही मिळेल का?

दातकोरा
मेगालोडॉनच्या पात्याची धार दोन्हीकडे बारीक, एकसारखी दातेरी असते, आणि पातं व मूळ यांच्यामध्ये व्ही आकाराचा काळपट पट्टा (बूर्लेट). नदीत तो पुष्कळदा घासलेला असतो, म्हणून जाडीही बघा. हेमिप्रिस्टिसचा (शार्कचीच एक जात) दात वाकडा, त्याच्या धारेवरचे काटे टोकाच्या थोडं आधीच थांबतात. टायगर शार्कच्या दाताला एका बाजूला ठळक खाच. लांब, सडपातळ, बिनकाट्याचा असेल तर सँड टायगर किंवा लेमन. चपटे, पट्ट्यापट्ट्यांचे काळे तुकडे हे पाकटाच्या दंतपट्टीचे. लोक दगड समजून फेकून देतात.

रंगावरून वय ठरत नाही. दात ज्या गाळात पुरला त्यातली खनिजं रंग देतात, इथे फॉस्फेटमुळे काळा-राखाडी जास्त. शिवाय नदीने वेगवेगळ्या काळांचे थर उकरून एकत्र केलेत, त्यामुळे लाखो वर्षांपूर्वीचा शार्क आणि हिमयुगातला घोडा एकाच चाळणीत येतात.

कोकणात आशा नको. महाराष्ट्राचा बहुतेक भाग जमिनीवर थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. भारतात मायोसीन काळातले (साधारण दोन कोटी तीस लाख ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचे) शार्कदात कच्छमध्ये आणि ओडिशात बारीपाड्याच्या थरांत मिळतात. कोकणच्या किनाऱ्यावर पांढरा दात मिळालाच तर तो बहुधा हल्लीच्या मुशीचा.

घरी आणल्यावर साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. व्हिनेगर लावू नका, आम्ल दाताचं फॉस्फेट खातं. उन्हात वाळवलं तर सच्छिद्र मूळ तडकतं. सावलीत, कापडावर दोन-तीन दिवस ठेवा. मूळ भुसभुशीत वाटलं तर पूर्ण वाळल्यावर पॅरालॉइड बी-72 चं (जीवाश्म घट्ट करायची अ‍ॅक्रिलिक राळ) अ‍ॅसिटोनमधलं पातळ द्रावण (सुमारे 5 टक्के) ब्रशने जिरवा. ओल्यावर लावलं तर पांढुरकं होतं. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे गॅलरीत, मुलांना लांब ठेवून.