विषय: बेडरूमला छताचा पंखा, आणि मंडळाची शिडी

नमस्कार मंडळी,
आईबाबा येत्या शनिवारी पोचतायत. त्यांच्या खोलीच्या छताला काहीच नाही, दिव्याचा पॉइंटसुद्धा नाही. दाराजवळचं बटण दाबलं की कोपऱ्यातल्या आउटलेटचा अर्धा भाग चालू होतो, बस्स. पोर्टेबल एसी आणला, पण आमच्या खिडक्या आडव्या सरकणाऱ्या, पाइपाशेजारची फट काही केल्या बुजत नाही. शिवाय एसीत आईचे गुडघे धरतात. तिला डोक्यावर पंखाच हवा. दोन इलेक्ट्रिशियन पुढच्या महिन्याची तारीख देतायत. कुणी घरच्या घरी लावलाय का? आणि मखराच्या वेळची मोठी शिडी सध्या कुणाकडे आहे?
बंडू, रेंटन (सिएटलजवळ)

बंडू,
मी तीन खोल्यांत लावले, २०२१ च्या त्या उन्हाळ्यानंतर. २६, २७, २८ जून: १०२, १०४, १०८ फॅरनहाइट. ते तीन दिवस कुणी विसरलं नसेल. पहिला पंखा मी होता त्या दिव्याच्याच प्लास्टिकच्या डब्याला टांगला, ती घोडचूक. दोन महिन्यांनी रात्री टकटक ऐकू यायला लागली. टॉर्च मारून पाहिलं तर पंख्याची वाटी छतापासून बोटभर खाली आलेली, प्लास्टिकमधले आटे झिजून गेलेले. खाली नात झोपली होती. तेव्हा आधी अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छतावरच्या माळ्यावर जा, दोन जॉइस्टच्या (छताच्या आडव्या लाकडी तुळयांच्या) मध्ये पंख्यासाठीचा ब्रेस, म्हणजे वजन पेलणारा लोखंडी आडवा दांडा बसव आणि पंख्यासाठीच बनवलेला डबा घे, तसं डब्यावर छापलेलं असतं. छत ८ फुटी असेल तर दांड्याचा पंखा नको, छताला चिकटून बसणारा घे. पाती जमिनीपासून किमान ७ फूट वर हवीत.
नाना, बेलव्ह्यू

नाना, इथल्या पंख्यांना वारा कुठे आहे? पाच पाती नुसती गरगरतात. आईबाबा येतच आहेत तर सांगलीहून तीन पात्यांचा पंखाच आणू दे की. पाती वेगळी करून साड्यांच्या घडीत छान मावतात.
आक्का, किर्कलंड

आक्का, तसं करू नका. तिकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, इथे १२० आणि ६०. साधी मोटर इथे जेमतेम फिरेल. ट्रान्सफॉर्मर लावला तर तो रात्रभर गुणगुणणार. इथल्या प्रमाणपत्राशिवायचं उपकरण छताला कायमचं जोडलं तर इन्स्पेक्टर पास करणार नाही. आणि हो, पर्मिट, म्हणजे वायरिंगची सरकारी परवानगी लागते. स्वतः राहतो त्या घरात मालकाला वायरिंग करता येतं, पण नवी वायर ओढायची तर पर्मिट काढूनच. हे मी मागच्या उन्हाळ्यातही लिहिलं होतं.
भाऊ, बॉथेल

भाऊ, पर्मिटचं बरोबर आहे, पण वाऱ्याचं आक्काही खोटं बोलत नाहीत. आमचा पहिला पंखा मंदच होता. पात्यांचा रुंद घेर आणि जास्तीचा तिरपेपणा बघून दुसरा घेतला, तो चांगला लागतो.
नाना

बंडू, मला वेगळंच सांगायचंय. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. खोलीतच पंचाण्णव फॅरनहाइटच्या वर गेलं की तो गरमच हवा अंगावर मारतो, आणि वयस्कर माणसांना ते झेपत नाही. तुझ्या बाबांना बीपीची गोळी आहे ना? म्हणून पोर्टेबल एसी विकू नकोस, दोन-चार वाईट दिवसांसाठी राहू दे. एरवी आपल्याकडे रात्री हवा उतरते. दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, सकाळी आठला खिडक्या-पडदे सगळं बंद. २०२० च्या सप्टेंबरात वणव्याच्या धुरामुळे खिडकी उघडायची सोय नव्हती, तेव्हा आमचे हे तीन रात्री खुर्चीत बसून होते. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.
माई, लिनवुड

शिडी सजावट समितीच्या सामानात आहे. परवानगीशिवाय ती बाहेर जात नाही, कारण मागच्या वेळी परत आली तेव्हा एका पायाचं रबर नव्हतं. शिवाय ती ८ फुटी आहे. ८ फुटी छताच्या खोलीत आणून उभी करतानाच छताला अडेल. ६ फुटी पुरते, ती माझ्या घरी आहे. गुरुवारी सातनंतर ये.
वहिनी (सजावट)

वहिनी, गुरुवारी येतो, आणि रबर मोजून परत आणतो.
आज पहाटे साडेपाचला अ‍ॅटिकमध्ये चढलो. दुपारी तिथे टिकता आलं नसतं. इन्सुलेशन बाजूला केलं, जॉइस्ट २४ इंचांवर आहेत, ब्रेस तेवढा ताणता येतो. मग ब्रेकर पाडून बटणाचा डबा उघडला. त्यात पांढऱ्या वायरींची जोडी टोपीखाली बांधलेली दिसली, म्हणजे न्यूट्रल (विजेची परतीची वायर) तिथे आहे आणि वायर तिथूनच वर नेता येईल. भिंतीच्या आतून ती ओढायचं मात्र माझं धाडस नाही. नाना, तुमच्याकडे आले होते त्या इलेक्ट्रिशियनना फक्त तेवढ्यासाठी अर्धा दिवस मिळेल का विचाराल? पर्मिट कुणी काढायचं तेही विचारा. माई, एसी ठेवतोय.
बंडू

विचारतो. तोवर पंखा उघडून ठेवू नकोस, परत द्यायची वेळ आली तर खोकं अखंड लागतं.
नाना