तितर उडण्याऐवजी पळतो का?

प्रश्न: माळावर राखी तितर माणूस दिसला की आधी झुडपातून पळत सुटतो, अगदी अंगावर गेलं तरच उडतो. असं का?

उत्तर १: उडणं त्याला महाग पडतं. छातीचे स्नायू फिकट, झटक्यासाठी बनलेले. प्राणवायूवाचून साखर जाळतात आणि लगेच दमतात. पंख आखूड, गोलसर. त्यामुळे भर्रकन उठतो, थोडं अंतर तरंगत जाऊन उतरतो आणि उतरल्या जागी न थांबता पुन्हा पळतो. शोधणारा नेमका तिथेच फसतो. लागोपाठ दोन-तीनदा उठवला तर मात्र उडायचं त्राण उरत नाही, मग झुडपात दडी मारतो.

उत्तर २: तितराच्याच कुळातल्या छोट्या लावऱ्यांचं तंत्र वेगळं. थवा गवतात दबून बसतो, पाय पडायच्या बेताला सगळ्या दिशांना फुटतो. शिक्रा असो की कोल्हा, एकीवर नजर ठरतच नाही! नंतर शीळ घालून पुन्हा गोळा होतात.

उत्तर ३: रात्रीचं राहिलंच. तितर बाभळी-बोरीच्या काट्यांत झोपतो. बांधावरची झुडपं जाळली की हा आसरा जातो. आणि हो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर आणि लावरी दोघांचीही शिकार बंद आहे.