किराया थकला, बॉन्ड संपला. आता काय करावं?

औसा_रोड_लातूर
वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या किरायाने दिल्या आहेत. महिना 7,500, डिपॉझिट 15,000. पाच महिन्यांचे 37,500 थकलेत. 11 महिन्यांचा करार बॉन्डवर नोटरी करून घेतला होता, तोही संपलाय. मीटर माझ्याच नावावर आहे. लाईट तोडून कुलूप लावलं तर चालतं का?

दिवाणी_वकील_नांदेड
दोन्ही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 प्रमाणे किरायादाराचं पाणी-लाईट तोडणं गुन्हा आहे. कुलूप लावलं तर तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा टाकू शकतो, आणि त्या दाव्यात किराया थकलाय ही सबब कामाला येत नाही. लाईट बिल तुम्हीच भरा, पावती जपा, रक्कम वेगळी मागा.

आधी एक ठरवा: पैसे पाहिजेत की खोल्या? कलम 15 मध्ये थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस गेल्याशिवाय दावाच टाकता येत नाही. दाव्याचं समन्स बजावल्यावर किरायादाराला पुन्हा 90 दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं थकबाकी, सालाना 15 टक्के सरळ व्याज (7,500 वर महिन्याला 93 रुपये 75 पैसे) आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचा किराया वेळेवर भरत राहिला, तर थकबाकीवरून खोल्या सुटत नाहीत. घरच्यांसाठी खोल्यांची खरोखर गरज असेल तर कलम 16 मधलं ते कारणही त्याच दाव्यात घाला.

बरेच दावे नोटिशीवरच लंगडे पडतात. कोणत्या महिन्याचे किती, हे ओळीनं लिहा. लाईट बिल किरायात मिसळू नका. बोलणं न झालेली वाढही त्यात घुसवू नका. पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न फोडता तसंच ठेवा, कोर्टात तेच दाखवायचं असतं. तीन वर्षांपेक्षा जुना किराया मुदतबाह्य होतो, त्यामुळे वाट बघण्यात फायदा नाही.

जालना_खोल्या_दुकानं
नोटरीबद्दल. 11 महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज मराठवाड्यात घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. कलम 55 प्रमाणे किरायाचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायादार म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

राहण्यासाठीचा लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी देणारा करार) नोंदवलेला असता तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता आला असता, आणि खोल्या सोडेपर्यंत दुप्पट, म्हणजे महिन्याला 15,000 नुकसानभरपाई मागता आली असती. दुकानाला हे कलम नाही. तुमच्याकडे नुसती नोटरी आहे, तेव्हा वर सांगितलेला 90 दिवसांचाच रस्ता धरा.

अजून एक. आपल्याकडे जुनी माणसं तहसीलला जा म्हणतात. 1954 चा हैदराबादचा भाडे कायदा 31 मार्च 2000 पासून गेला. आता दावा दिवाणी न्यायालयात, बहुतेक तालुक्यांत कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे चालतो.

विधी_सेवा_परभणी
किरायादार बोलायला तयार असेल तर दाव्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व प्रकरण द्या. लोक अदालतीत तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नसतं. घरी साध्या कागदावर लिहून घेतलेल्या कबुलीला तो जोर नाही. तडजोडीत हप्त्यांच्या तारखा, खोल्या सोडायची तारीख, डिपॉझिटमधून किती वळते करायचे आणि हप्ता चुकला तर काय, हे सगळं लिहून घ्या. ताबा घेताना किल्ली मिळाल्याचा कागद दोघांच्या सहीनं करा. मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

औसा_रोड_लातूर
आता दोन महिन्यांचे पैसे देतो म्हणतोय. घ्यावेत का? नोटीस बाद होईल का?

दिवाणी_वकील_नांदेड
घ्या. नाकारलेत तर 'मी द्यायला तयार होतो' हेच तो कोर्टात सांगेल. पैसे खात्यावर घ्या आणि पावती द्याच, कलम 26 प्रमाणे ती द्यावीच लागते. कोणत्या दोन महिन्यांचे घेतले ते पावतीवर घाला आणि खाली 'उरलेल्या तीन महिन्यांच्या थकबाकीचा हक्क राखून' असं लिहा. नोटीस अजून गेली नसेल तर आता 22,500 चीच काढा.