एकनळी बंदूक शिकायची आहे, सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (रावेर तालुका):
सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आणि मका आहे. वडिलांची बारा बोअरची एकनळी बंदूक या वर्षी रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली. मात्र माझ्या हातून आजवर एकही बार निघालेला नाही. कणसे दुधात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत मका लोळवून जातो. बंदूक चालवायला कसे शिकावे, आणि शिकल्यावर मला स्वतःच्या शेतात डुक्कर मारता येईल का?

उत्तर १ (चोपडा):
भाऊ, पहिले पंधरा दिवस काडतुसाला हात लावू नका. बंदूक मोडायची (म्हणजे बिजागरीवर वाकवून नळी मागून उघडायची), नळी उजेडाकडे धरून आरपार पाहायची, मिटवायची, दस्ता (बंदुकीचा लाकडी मागचा भाग) खांद्याच्या खोबणीत आणि गाल दस्त्यावर घट्ट टेकवायचा, एवढेच रोज करा. नळी पाहण्याची सवय फार महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे भिंतीला टांगलेल्या बंदुकीत कुंभारमाशी मातीचे घर करते, आणि तशा नळीतून बार काढला तर नळी फाटते. जुन्या बंदुकीचा घोडा (काडतुसावर आघात करणारी हातोडी) अंगठ्याने उतरवताना निसटतो, आणि बरेच अपघात तेव्हाच होतात. म्हणून घोडा उतरवण्याआधी बंदूक मोडून काडतूस बाहेर काढावे.

त्यानंतर जिल्ह्यातील मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये जा. शेतात सरावासाठी बार काढू नका. तेथे पंचवीस पावलांवर मोठा कागद लावून मधोमध एकच बार काढा आणि छर्ऱ्यांची भोके मोजा. आपली बंदूक छर्रे किती पसरवते आणि उजवीकडे टाकते की खाली, हे त्या कागदावरून जितके कळते तितके कोणाच्या सांगण्यावरून कळत नाही. पुरत्या आवळलेल्या तोंडाची (छर्रे कमी पसरावेत म्हणून टोकाशी अरुंद केलेली) नळी चाळीस यार्डांवर साधारण सत्तर टक्के छर्रे तीस इंचांच्या वर्तुळात टाकते. आपली किती टाकते, ते मोजूनच ठरवा.

उत्तर २ (जळगाव):
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर बंदी असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका झाल्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती हाती येईपर्यंत बार काढू नये. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते, त्यामुळे मांस वाटून घेणे हाही गुन्हाच ठरतो. पिकाचा पंचनामा होऊन भरपाई मिळते. तो अर्ज नुकसान झाल्याबरोबर वनविभागाकडे करावा, उशीर करू नये.

उत्तर ३ (शिरपूर):
परवानगी मिळाली तरी एक गोष्ट ध्यानात असू द्या, दादा. दुनळीत दुसरा बार हाताशी असतो, एकनळीत नसतो. नवे काडतूस भरेपर्यंत जखमी डुक्कर अंगावर आलेले असते किंवा केळीत शिरून दुसऱ्या दिवशी कोणा मजुरासमोर उभे राहते. बारीक छर्रे डुकराला नुसते जखमी करतात, म्हणून त्यासाठी एलजी-एसजी (मोजक्या जाड छर्ऱ्यांची) काडतुसेच हवीत आणि अंतरही कमी हवे. अंधारात सळसळीवर कधीही चाप ओढू नये. मक्यात पाणी धरायला माणूसही येतो. जनावर आडवे, पूर्ण दिसणारे आणि त्याच्या मागे मातीचा बांध असेल तरच बार काढावा. मी अनेक रात्री बार न काढता माचाणावरून उतरलो आहे आणि त्याचे मला कधीच वाईट वाटले नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी बंदूक मोडून उजेडाकडे धरली, तेव्हा नळीच्या तोंडापासून वीतभर आत वाळलेल्या मातीचा गोळा निघाला. वडिलांना दाखवला, तेव्हा ते बराच वेळ तो हातात घेऊन बसले. वनपाल कार्यालयात उद्या जाणार आहे.