मदत हवी आहे: चर्चच्या शाळेची गव्हर्नर या नात्याने प्रवेशधोरणावर मत द्यावे की बाहेर बसावे?

नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे इंग्लंडच्या मध्य भागातील एका लहान गावात राहतो. माझी मुलगी येथील चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत शिकते आणि मागील हिवाळ्यात पालकांच्या मतदानातून मी त्या शाळेची पॅरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीवरील (गव्हर्निंग बॉडी) पालक प्रतिनिधी झाले. मुदत चार वर्षांची असून मानधन नाही. अशा शाळेच्या गव्हर्निंग बॉडीवर येथील कोणी काम केले असल्यास मला त्यांचा सल्ला हवा आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे येथेही पालकांचेच पारडे जड असेल अशी माझी समजूत होती. आमची शाळा मात्र ‘व्हॉलंटरी एडेड’ प्रकारची, म्हणजे सरकारी निधीवर चालणारी पण चर्चशी जोडलेली आहे. १९४४च्या शिक्षण कायद्यापासून चालत आलेल्या या प्रकारात चर्चच्या वतीने नेमलेले फाउंडेशन गव्हर्नर हे बाकीच्या सर्व सदस्यांच्या बेरजेपेक्षा किमान दोनने अधिक असावे लागतात. शिक्षकांची नेमणूक करणारी संस्था गव्हर्निंग बॉडी हीच असते, आणि कोणत्या मुलांना आधी प्रवेश द्यायचा याचे नियमही तीच ठरवते. आपल्याला फार तर वार्षिक जत्रेतील खाद्यपदार्थांच्या टेबलामागे उभे राहावे लागेल, अशा कल्पनेने मी अर्ज भरला होता. पहिल्या बैठकीच्या आदल्या रविवारी रात्री क्लार्कबाईंनी (गव्हर्निंग बॉडीच्या सचिव) ऐंशीहून अधिक पानांची कागदपत्रे पाठवली, तेव्हा तो भ्रम फिटला. बैठक सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात होते. आम्ही बारा प्रौढ माणसे त्या इवल्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसतो, व्हिकर (गावच्या चर्चचे धर्मगुरू) छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग दोन तास अंदाजपत्रक, गैरहजेरी व गळके छप्पर यांवर चर्चा चालते. प्रार्थनेच्या वेळी मी शांत बसते. त्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलेले नाही.

आता अडचणीविषयी. शाळेच्या पहिल्या वर्गात तीस जागा आहेत आणि गेल्या वर्षी त्यांपैकी सहा रिकाम्या राहिल्या. सरकारी निधी मुलांच्या संख्येवर मिळत असल्यामुळे सहा रिकाम्या खुर्च्या म्हणजे एका मदतनीस शिक्षिकेच्या नोकरीवर टांगती तलवार आहे. प्रवेशाच्या नियमावलीत सरकारी देखरेखीखाली असलेल्या किंवा पूर्वी राहिलेल्या मुलांनंतर चर्चमध्ये नियमित जाणाऱ्या कुटुंबांना प्राधान्य आहे आणि त्यासाठी व्हिकरांच्या सहीचा पूरक अर्ज जोडावा लागतो. वास्तविक हे प्राधान्य जागांपेक्षा अर्ज अधिक आले तरच लागू होते. जागा शिल्लक असताना कोणत्याही धर्माच्या मुलाला शाळा नाकारू शकत नाही. तरीही तो पूरक अर्ज पाहून कित्येक पालक ‘ही शाळा आपल्यासाठी नाही’ असे समजतात आणि अर्जच करत नाहीत. हे मी अनुभवावरून सांगते, कारण आम्हीही तो कागद पाहून दुसऱ्या शाळेचे नाव पहिल्या पसंतीला लिहिले होते आणि १५ जानेवारीच्या अंतिम तारखेच्या दोनच दिवस आधी शेजारणीच्या सांगण्यावरून क्रम बदलला. म्हणून निम्म्या जागा केवळ घर शाळेपासून किती जवळ आहे या अंतराच्या निकषावर द्याव्यात, असा प्रस्ताव हेडटीचर मांडणार आहेत आणि मला तो मनापासून पटतो.

विरोध आहे तो एका ज्येष्ठ फाउंडेशन गव्हर्नरांचा. हे गृहस्थ निवृत्त असून सुट्टीत येऊन शाळेचे कुंपण स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतात. पॅरिशमधील (चर्चच्या हद्दीतील वस्ती) गरिबांनी पै-पै जमवून ही शाळा उभी केली आणि आज एक अट गेली तर उद्या शाळेचे चर्चशी नाते केवळ पाटीपुरते उरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. म्हणूनच माझी पंचाईत झाली आहे. मी हिंदू आहे. चर्चच्या शाळेत चर्चचे प्राधान्य कमी करा, असे मी म्हणणे औचित्याला धरून होईल का? शिवाय माझा धाकटा मुलगा सप्टेंबर २०२७ मध्ये शाळेत जाण्याच्या वयाचा होईल आणि बदललेले नियम त्याच वर्षापासून लागू होतील. अशा वेळी मी मतदानात भाग घ्यावा का? तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेली दोन कुटुंबे मला ‘तुमच्या शब्दाने काम होईल ना?’ असे विचारू लागली आहेत. त्यांना न दुखावता काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद:

मी एका चर्च शाळेत दोन मुदती गव्हर्नर होतो, त्या आधारे लिहितो. तुमच्या मुलाची बाब बैठकीच्या सुरुवातीलाच हितसंबंध म्हणून जाहीर करा आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. निःपक्षपातीपणाविषयी रास्त शंका असेल तर सदस्याने बाहेर जायचे असते, आणि जावे की नाही यावर वाद झाल्यास उपस्थित गव्हर्नर निर्णय देतात. म्हणजे तो भार तुमच्या एकटीवर नाही. नियमावलीत भावंडांचे प्राधान्य कोठे आहे, तेही पाहून ठेवा. ते चर्चच्या अटीच्या वर असेल, तर या बदलाने तुमच्या मुलाला जवळजवळ काहीच फरक पडणार नाही आणि तसे तुम्ही स्पष्ट सांगू शकता.

धर्माच्या प्रश्नावर संकोच करू नका. पॅरेंट गव्हर्नर ख्रिस्ती असावा अशी अट नाही. शाळेचे धार्मिक स्वरूप जपण्याची खास जबाबदारी फाउंडेशन गव्हर्नरांवर असते आणि ते बहुमतात असतात, त्यामुळे तुमच्या एका मताने चर्चवर काही लादले जाणार नाही. शिवाय अशा बदलासाठी डायोसिसचा (बिशपच्या अखत्यारीतील चर्चचा विभाग) सल्ला घ्यावाच लागतो. १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात किमान सहा आठवडे जाहीर हरकती मागवाव्या लागतात आणि धोरण २८ फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावे लागते. डायोसिसच्या शिक्षण विभागाशी तुमच्या हेडटीचरांनी आताच बोलावे. ज्येष्ठ गृहस्थांना तुमच्यापेक्षा डायोसिसचे म्हणणे अधिक पटेल. तुम्ही मात्र पसंतीक्रम बदलल्याची ती हकिकत बैठकीत जरूर सांगा, कारण ती सांगू शकणारे त्या खोलीत दुसरे कोणी नसावे.

मंडळातील लोकांना नियमावलीची प्रत द्या, जागा रिकाम्या आहेत हे सांगा आणि अर्ज वेळेत भरायला लावा. एकाच्या मुलासाठी शब्द टाकणे हे तुमच्या पदात बसत नाही, हेही त्याच वेळी सांगून मोकळे व्हा.

मूळ लेखिका:

मनःपूर्वक आभार. नियमावली काढून पाहिली. भावंडांचे प्राधान्य चर्चच्या अटीच्या खाली आहे, म्हणजे माझ्या मुलाला फरक पडू शकतो. मी आज क्लार्कबाईंना तसे लेखी कळवले आहे आणि बाहेर जावे लागले तर जाईन, मात्र त्याआधी आमची हकिकत सांगण्याची परवानगी मागितली आहे. निम्म्या जागा अंतरावर देणाऱ्या एखाद्या चर्च शाळेचे धोरण कोणाच्या पाहण्यात असल्यास, पूरक अर्जातील मजकूर त्यांनी कसा लिहिला आहे ते कृपया कळवावे. आमच्या अर्जाचे पहिलेच वाक्य बदलायला हवे आहे.