क्लॅमथची चार धरणं पाडली: विरोधकांचं म्हणणं किती खरं?

पाटचारी
अमेरिकेत ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरची क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये पाडून संपली. त्यावरून अजून हमरीतुमरी चालू आहे. एक बाजू सामन मासे परत आल्याचं सांगते. दुसरी म्हणते, शेतीचं पाणी घालवलं, पुराचा धोका वाढवला, गाळानं नदी मारली. यातलं टिकतं काय? आणि इतका गाळ साठलेलं धरण प्रत्यक्षात रिकामं करतात कसं? दारं उघडून भागत नसणार.

सांडवा_१९६४
शेतीचा मुद्दा आधी निकालात काढू. कॉप्को-1 (1918), कॉप्को-2 (1925), जे. सी. बॉइल (1958) आणि आयर्न गेट (1964) ही चारही धरणं वीजनिर्मितीची. त्यांच्यातून सिंचनाचा एकही कालवा निघत नव्हता. सिंचनाचं पाणी वरच्या अंगाला, अप्पर क्लॅमथ सरोवरातून जातं आणि तिथली लिंक रिव्हर व कीनो ही धरणं जागेवरच आहेत. 2001 साली शेतकऱ्यांचं पाणी तोडलं आणि 2002 च्या सप्टेंबरात खालच्या नदीत 30 हजारांहून जास्त मासे मेले. तो राग खरा, पण त्याचं मूळ पाणीवाटपात. तो या चार धरणांच्या नावावर जमा झाला.

पाडण्याचा निर्णय माशांच्या प्रेमापोटी झाला असंही नाही. धरणं चालवण्याचा परवाना 2006 ला संपला. नव्या परवान्यासाठी माशांच्या शिड्या (माशांना धरण ओलांडून वर चढता यावं म्हणून पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट) बांधा अशी अट आली. वीज कंपनीच्या एकूण निर्मितीत या धरणांचा वाटा 2 टक्क्यांहून कमी. तेवढ्यासाठी शिड्यांचा खर्च परवडेना. पाडण्यासाठी सुमारे 45 कोटी डॉलर उभे केले, त्यातले 20 कोटी वीजग्राहकांच्या बिलातून आणि 25 कोटी कॅलिफोर्नियानं पाण्याच्या कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांतून. युरोक, कारुक वगैरे तिथल्या मूळनिवासी जमातींनी वीसेक वर्षं लढा दिला नसता तर हे गणित कुणी मांडलंही नसतं, तो भाग वेगळा.

गाळमापक
रिकामं करण्याबद्दल. आयर्न गेट हे 173 फूट उंचीचं मातीचं धरण. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते काही तासांत धुपून फुटू शकतं. त्यामुळे माथ्याकडून तोडत खाली यायचं तर पाणी आधी खाली गेलेलं हवं. बांधकामाच्या वेळी नदी वळवण्यासाठी खोदलेला बोगदा तळाशी होताच, जानेवारी 2024 मध्ये त्यातूनच पाणी सोडलं. भरावाला मात्र पावसाळी पूर ओसरेपर्यंत हात लावला नाही. कॉप्को-1 काँक्रीटचं, त्याच्या तळात खालच्या बाजूनं बोगदा पाडत नेला, शेवटचा थर राखला आणि 23 जानेवारीला सुरुंगानं उडवला. पाणी एकदम उतरवत नाहीत, नाहीतर काठाची भिजलेली माती आतल्या पाण्याच्या दाबानं घसरते.

जानेवारीच का? प्रौढ सामन तेव्हा समुद्रात असतात, पिल्लं बहुतेक उपनद्यांत, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. इथला गाळ वाळूचा नाही; मेलेल्या शेवाळाचा, पिठासारखा. तो पटकन वाहतो, पण सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. एकूण गाळ सुमारे 1.15 कोटी घनमीटर. त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा वाहून जाईल असा अंदाज होता. उरलेला काठावर सुकतो, म्हणून त्यावर लगेच स्थानिक गवतांचं बी टाकलं. दरम्यान कॉप्कोच्या ओल्या चिखलात काही हरणं रुतून मेली. ते फोटो विरोधकांनी भरपूर फिरवले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सगळ्यात जास्त घोळ पिल्लांवरून झाला. फेब्रुवारीअखेर हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) सोडलेली चिनूक या सामनच्या जातीची सुमारे 8.3 लाख पिल्लं मेली. कारण गाळ नव्हे. ती आयर्न गेटच्या वर सोडली होती. बोगद्यातून जाताना दाब झपकन बदलला आणि रक्तात वायूचे बुडबुडे झाले. पुढची पिल्लं धरणाच्या खाली सोडली.

काठावरचा
कॉप्को तलावाकाठच्या घरांचं काय, हे कुणीच बोलत नाही. तिथं घर घेतलं ते तलाव बघून. तलाव गेला, किंमत गेली, विहिरींच्या पातळीची धास्ती आली. कॅलिफोर्नियातल्या तिथल्या सिस्कियू काउंटीत (जिल्ह्यात) 2010 च्या सल्लामतदानात सुमारे 79 टक्के लोक पाडण्याच्या विरोधात होते. त्यांना अडाणी ठरवून चालणार नाही.

पुराचा मुद्दा मात्र फुगवलेला. हे जलाशय पूर अडवण्यासाठी राखून ठेवलेले नव्हते, मोठा पूर आला की सांडव्यावरून जाणारच. वाढ होते ती आयर्न गेटच्या खालच्या थोड्या पट्ट्यात, तिथल्या घरांची सोय करणं गरजेचंच. वणवा विझवायच्या पाण्याचं म्हणाल तर नदीकाठी कोरडे हायड्रंट (बंबाला नदीतून पाणी ओढता यावं म्हणून बसवलेले नळ) बसवण्याची योजना आली, पण हेलिकॉप्टरला बादली बुडवायला तलाव सोपा की वाहती नदी, हे सांगायला नको.

पाटचारी
उत्तम माहिती. मग हीच पद्धत कुठेही चालेल? आपल्याकडेही कुणीतरी "जुनी धरणं पाडा" म्हणतंच.

गाळमापक
नाही. आधी गाळाच्या तळापर्यंत नळ्या घालून नमुने काढायचे. मोंटानात मिलटाउन धरणामागे तांब्याच्या खाणींचा आर्सेनिक होता. सर्वांत दूषित गाळ रेल्वेनं उचलून न्यावा लागला. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची धरणं पाडताना गाळ स्वच्छ होता, पण 2012 मध्ये शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी काड्या-पाला अडकून पाडकाम जवळजवळ वर्षभर थांबलं. म्हणजे खालच्या बाजूला पाणी कोण उचलतं, हे तितकंच बघावं लागतं.

खडकवासल्याशी तुलना करू नका, त्यावर पुण्याचं पिण्याचं पाणी आणि कालवे आहेत. आपल्याकडे बघायचाच तर कोल्हापुरी बंधारा बघा. पावसाळ्यात बरगे (पाणी अडवायला खांबांमध्ये बसवलेल्या फळ्या) काढलेले असले की गाळ पुरासोबत निघून जातो. पहिल्या पुराआधी ते निघाले नाहीत तर झाडोरा अडकतो, पाणी बाजूच्या मळ्यातून वाट काढतं आणि बंधारा नदीत राहून काठ वाहून जातो.

सांडवा_१९६४
+१. माशांचं राहिलं. ऑक्टोबर 2024 मध्ये, पाडकाम संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा चिनूक जे. सी. बॉइलच्याही वर ओरेगनच्या एका उपनदीत दिसले. 1912 नंतर पहिल्यांदा. कीनोची जुनी शिडी ट्राउटच्या मापाची आहे, पुढचा वाद तिच्यावर होणार.